पुनर्वसन समुपदेशक व्हायचंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिव्यांग व्यक्तींचं शिक्षण, नोकरी आणि घरचं जगणं मार्गी लावायला मदत करणाऱ्या पुनर्वसन समुपदेशकाच्या शिक्षणाबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरेच प्रश्न आले. त्यातले सात निवडले आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी विट्याच्या महाविद्यालयात बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा चुलतभाऊ कुबड्या घेऊन चालतो. नोकरीसाठी त्याला कुणी नीट वाट दाखवली नाही, म्हणून मला हेच काम करायचं आहे. पुढे काय शिकू?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘समुपदेशन’ हा शब्द नावात असलेले अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, पण दिव्यांगांच्या पुनर्वसनाचं काम अधिकृतपणे करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा. त्याखाली पुनर्वसन व्यावसायिकांचे वेगवेगळे वर्ग ठरवलेले आहेत. पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ता, व्यवसाय समुपदेशक, पुनर्वसन समुपदेशक हे त्यातले स्वतंत्र वर्ग. तुम्हाला कोणत्या वर्गात नाव नोंदवायचं आहे ते आधी ठरवा आणि मग अभ्यासक्रम शोधा. बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि तिथेच फसतात.

मानसशास्त्राच्या पदवीनंतर सरळ वाट अशी : मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., आणि त्यानंतर पुनर्वसन मानसशास्त्रातलं परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण. दुसरी वाट समाजकार्याची, एम.एस.डब्ल्यू. करून दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात शिरण्याची. तिसरी पुनर्वसनशास्त्रातल्या पदवी आणि पदव्युत्तर पदवीची. सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था, चेन्नईजवळ मुट्टुकाडूची बहुदिव्यांगजनांची संस्था, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, या चारांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रत्येकीचा भर वेगळा आहे. तुमच्या भावासारख्या चालण्याच्या अडचणीत रस असेल तर फक्त वाचा-श्रवणावर भर देणारा अभ्यासक्रम तुम्हाला अपुरा पडेल.

एम.फिल.बद्दल सावध राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. पुढे चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन एम.फिल.ना २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. पुनर्वसन मानसशास्त्राच्या जुन्या माहितीपत्रकात ‘दोन वर्षांचं एम.फिल.’ छापलेलं दिसलं, तर फी भरण्याआधी परिषदेकडून या वर्षीची स्थिती लेखी मिळवा.

मान्यतेचं पत्र मागताना चार गोष्टी त्याच कागदावर वाचा : अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, संस्थेचा पत्ता, कोणत्या शैक्षणिक वर्षांसाठी मान्यता आहे, आणि किती जागांसाठी. मान्यता विद्यापीठाला असते आणि अभ्यासक्रमाला नसते, मुख्य केंद्राला असते आणि तुमच्या गावाजवळच्या केंद्राला नसते, किंवा मागच्या तुकडीपर्यंत असते आणि तुमच्या तुकडीला नसते. तिन्ही प्रकारांत पदवी हातात पडते, पण नोंदणी होत नाही. ‘विद्यापीठ यूजीसी-मान्य आहे’ हे उत्तर या प्रश्नाला चालत नाही.

प्रश्न : मिरजेत एका विशेष शाळेत काम करते. एम.ए. आणि समुपदेशनाची एक पदविका आहे, आरसीआय नोंदणी नाही. शाळा माझ्या दारावर ‘पुनर्वसन समुपदेशक’ अशी पाटी लावते आहे. चालेल का?

चालणार नाही. पाटी उतरवायला सांगा, आणि हे आजच सांगा. परिषदेच्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येत नाही, सरकारी किंवा स्थानिक संस्थेत तसं पद धरता येत नाही, व्यावसायिकाने द्यायच्या दाखल्यावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून कुणी हे सहज घेऊ नये. खरा तोटा मुलांचा होतो. तुमच्या सहीचा अहवाल पुढे बोर्डात किंवा कोर्टात टिकत नाही आणि पालकांना सगळी तपासणी पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

याचा अर्थ तुम्ही शाळा सोडावी असा मुळीच नाही. पालकसभा, घरभेटी, नोंदी ठेवणं, सरकारी योजनांचे अर्ज भरून देणं ही कामं शाळेची कर्मचारी म्हणून करा. मूल्यमापन आणि अहवाल नोंदणीकृत व्यक्तीच्या सहीने जाऊ द्या. मधल्या काळात मान्य अभ्यासक्रमाला प्रवेश घ्या. शाळेतला तुमचा अनुभव तिथे फार कामाला येईल.

प्रश्न : साताऱ्याहून एक पालक. मुलीला अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशनात मास्टर्सला प्रवेश मिळतो आहे. तिथलं शिक्षण खरंच वेगळं आहे का, आणि परत आल्यावर इथे चालेल का?

वेगळं आहे, आणि त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तिथे नागरी दिव्यांगांच्या व्यवसाय पुनर्वसनाचा कायदा १९२० मध्ये आला. १९५४ च्या दुरुस्तीने विद्यापीठांना पुनर्वसन समुपदेशक घडवण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला, आणि तिथूनच हे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण उभं राहिलं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने त्याला हक्कांचा पाया दिला. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जुनी परिषद २०१७ मध्ये काकरेप या संस्थेत विलीन झाली. म्हणून आता मुलीने प्रवेशपत्रावर काकरेपची मान्यता आहे का, एवढं नक्की पाहावं.

या मान्यतेच्या अटी सांगतो, कारण इथे शिकणाऱ्यांनाही त्या मापाचा उपयोग आहे. ६० सत्र-क्रेडिट. आधी प्रॅक्टिकम, म्हणजे पर्यवेक्षणाखालचा पहिला सराव, किमान १०० तासांचं, त्यात ४० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबत. मग इंटर्नशिप ६०० तासांची, त्यात २४० तास प्रत्यक्ष. एकूण ७०० तासांपैकी २८० तास समोर माणूस बसलेला हवा. उरलेल्या वेळात नोंदी, बैठका, पर्यवेक्षकाशी चर्चा. दर आठवड्याला पर्यवेक्षण होतंच. अभ्यासक्रमानंतर सीआरसी ही प्रमाणपत्र परीक्षा असते. तिची संस्था १९७४ पासून आहे.

परदेशी पदवी इथे आपोआप लागू होत नाही, परिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. मुलीला आत्ताच सांगून ठेवा : प्रत्येक विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम आणि पर्यवेक्षकाच्या सहीची तासांची नोंदवही जपून ठेव. पाच वर्षांनी विद्यापीठाकडून हे कागद मागवायला महिने जातात. आणि परत येणार असेल तर इथला कायदा आणि योजना तिला स्वतंत्रपणे शिकाव्या लागतील. तिथल्या अभ्यासक्रमात दिव्यांगांचं युडीआयडी ओळखपत्र, त्यांच्यासाठीचा निरामय आरोग्य विमा किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची पालकत्वाची स्थानिक समिती यातलं काहीच येत नाही.

इथे शिकणाऱ्यांनीही अशी नोंदवही आजपासून ठेवावी, कुणी मागितली नाही तरी. पाच रकाने पुरतात : तारीख, तास, व्यक्तीसोबत की कागदावर, काय केलं, पर्यवेक्षकाची सही. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. ‘कागदावर’चे तास ‘व्यक्तीसोबत’च्या तिप्पट होत असतील तर तुमचं प्रशिक्षण कारकुनीचं चाललं आहे. पर्यवेक्षकांना ही वही दाखवून तसं बोला.

प्रश्न : मिरजेत प्रशिक्षणार्थी आहे. कवठेमहांकाळ तालुक्यातला २४ वर्षांचा तरुण माझ्याकडे आहे. कडबाकुट्टीत उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. आधी तो बेदाणा शेडवर आणि ट्रॅक्टरवर काम करायचा. चार भेटी झाल्या, पण प्रत्येक गोष्टीवर तो ‘बघू’ एवढंच म्हणतो. मूल्यमापन कुठून सुरू करू?

त्या ‘बघू’पासूनच. भेटीला आल्यावर उजवा हात खिशात असतो की बाहेर, ते पाहा. चहा दिला तर कोणत्या हाताने घेतो? बोटं गेल्यावरही ती ‘आहेत’ असं वाटणं, तिथे मुंग्या येणं, थंडीत टोकं ठणकणं हे सगळं खरं असतं. त्याला ते वेड लागल्यासारखं वाटत असेल आणि म्हणून तो सांगत नसेल. तुम्ही आपणहून सांगा की असं बऱ्याच जणांना होतं. टोकांना नुसता स्पर्शही सहन होत नसेल तर व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवा. ते मऊ कापडापासून सुरुवात करून पुढे तांदूळ, डाळ अशा खरखरीत गोष्टींत हात फिरवायला लावून त्वचा सरावाची करतात. हे आधी झालं नाही तर पुढची सगळी कामाची चाचणी खोटी ठरते, कारण तो ताकद नाही म्हणून नव्हे, दुखेल म्हणून हात मागे घेतो.

मन किती खचलंय तेही याच टप्प्यावर तपासा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत घ्या. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर कामाचा विषय बाजूला ठेवा, पर्यवेक्षकांना त्याच दिवशी कळवा, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा आणि घरी जाताना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून द्या.

मग हाताची ताकद. पकड मोजायचं डायनॅमोमीटर वापरा. बसवून, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, प्रत्येक हाताने तीन वेळा, आणि तिन्हींची सरासरी. डाव्या हाताचीही घ्या, कारण यापुढे पुष्कळ कामं त्या हाताकडे जाणार आहेत. अंगठा आणि करंगळी मिळून चिमूट किती बसते ते वेगळं मोजा. तीन बोटं गेली तरी ही दोन टोकं आणि तळवा शिल्लक आहे, आणि पुढची सगळी गणितं त्यावर बसवायची आहेत. आकडे लिहून झाले की खऱ्या वस्तू द्या : बादलीची कडी, सुतळीची गाठ, शर्टाचं बटण, बेदाण्याचा भरलेला क्रेट. डायनॅमोमीटर ‘किती’ ते सांगतं. क्रेट उचलताना तो वजन तळव्यावर घेतो की मनगट वाकवतो, ते तुमच्या डोळ्यांनाच दिसतं.

यानंतर त्याला न विचारता कुठलंच काम सुचवू नका. आधी जुन्या कामांची यादी त्याच्याकडून काढा, आणि कामाच्या नावाऐवजी त्यातली कौशल्यं लिहा. ‘ट्रॅक्टर’ असं लिहिण्याऐवजी गिअर, क्लच, नांगर जोडणं, डिझेलचा हिशेब, मालकाशी फोनवर बोलणं असं लिहा. पाचातली तीन कौशल्यं अजून शाबूत निघतात आणि ‘बघू’ म्हणणाऱ्याचा चेहरा तिथे पहिल्यांदा बदलतो.

आता शेडवर जा. याला कामाचं विश्लेषण म्हणतात आणि ते खोलीत बसून होत नाही. सोबत मोजपट्टी, स्प्रिंगकाटा, घड्याळ, वही. निवडणीच्या टेबलाची उंची, क्रेटचं वजन, क्रेट किती अंतर न्यायचा, तासाला किती वेळा, उभं राहून की बसून, उजेड, आवाज, पाणी आणि संडास किती लांब, मजुरी दिवसावर की वजनावर. उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी टेबल कोपराच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावं. त्याचं कोपर जमिनीपासून १०४ सेंटिमीटरवर असेल तर टेबल ८९ ते ९४ हवं. शेडवरचं टेबल ७५ चं निघालं तर त्याची पाठ आणि मनगट दोन्ही दुखणार, आणि मग ‘हाताला जमत नाही’ असं सगळे म्हणणार. चार विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून हे सुटतं. क्रेटच्या कडीला जाड गुंडाळी घातली, ट्रे ढकलायला चाकांची फळी दिली, तर उजवा हात पुन्हा कामात येतो.

मजुरी वजनावर असेल तर पहिल्या महिन्यात तो नक्की मागे पडणार. मालकाशी आधीच बोला : पहिला आठवडा रोज दोन तास, मग चार, मग पूर्ण दिवस, आणि या काळात मजुरी दिवसावर. हे लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं हंगाम लागला की विसरलं जातं. कामाला लागल्यानंतर एका आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी स्वतः जा. पहिल्याच भेटीत ‘वॉचमन बघू या का’ असं म्हणणारे समुपदेशक आपल्याकडे फार आहेत. तो सल्ला हाताकडे बघून दिलेला असतो, माणसाकडे नाही.

प्रश्न : कोरेगावहून. मुलाच्या दाखल्यावर ६० टक्के लिहिलं आहे. म्हणजे तो ४० टक्केच काम करू शकतो असं समजायचं का?

नाही. दाखल्यावरचा टक्का शरीराच्या किंवा मनाच्या कार्याचं मोजमाप आहे. काम करण्याची क्षमता वेगळी मोजतात. सर्वोच्च न्यायालयानेही राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात कायमचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन गोष्टी वेगळ्या पाहायला सांगितल्या आहेत. डाव्या पायाच्या एकाच दुखापतीने हमालाची कमाई पूर्ण बुडू शकते आणि टेलरची कदाचित थोडीच. तो टक्का सवलतींसाठी लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के आणि पुढे असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. कामाची दिशा ठरवायला समुपदेशकाकडून स्वतंत्र मूल्यमापन करून घ्या. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवा, पण त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

प्रश्न : कराडहून एक प्रशिक्षणार्थी. बोलायला बसलं की घरचेच उत्तरं देतात. ‘तो काही बोलणार नाही, मला विचारा.’ त्यांना बाहेर बसवलं तर राग येतो. काय करावं?

बाहेर बसवू नका, क्रम बदला. पहिली दहा मिनिटं घरच्यांची ठेवा आणि तसं सांगा : ‘आई, तुमचं सगळं मी लिहून घेते. मग अर्धा तास मी यांच्याशी बोलणार, मध्ये तुम्ही ऐकायचं.’ आईचं म्हणणं लिहिताना तिला दिसू द्या. लिहिलं जातंय हे दिसलं की तिची घाई निम्म्याने कमी होते. नंतर खुर्ची फिरवा. प्रश्न विचारला की मनात वीस आकडे मोजा. वाचेची अडचण असलेल्या किंवा बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला तेवढा वेळ लागतोच, आणि आपण पाचव्या आकड्याला आईकडे बघतो. ‘हो-नाही’च्या प्रश्नाऐवजी दोन चित्रं किंवा दोन वस्तू समोर ठेवून निवडायला द्या. ‘हो’ म्हणायची सवय लागलेल्या माणसाचं ‘हो’ काहीच सांगत नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही त्या व्यक्तीच्याच बाजूचा आहे. १८ पूर्ण झालेल्या दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखाच निर्णयाचा हक्क असतो, आणि पालकत्व लागलंच तर ते ठरावीक निर्णयापुरतं, तिच्याशी विचारविनिमय करून. कॉलेजात हे एका तासात शिकवून संपवतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किमान तीन मुलाखती ध्वनिमुद्रित करून, अर्थात त्या व्यक्तीच्या संमतीने, स्वतःची गप्प राहिलेली सेकंदं मोजावीत. पर्यवेक्षकांनी ते मागायलाच हवं.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत लहान कारखाना आहे. मानसिक आजारातून बरी होत आलेली एक मुलगी कामाला ठेवायची आहे, चाकाच्या खुर्चीवरचा एक मुलगाही. येणाऱ्या समुपदेशकाकडून आम्ही काय अपेक्षा ठेवावी?

मुलासाठी समुपदेशकाने पहिल्याच भेटीत मोजपट्टी काढायला हवी. दार ९० सेंटिमीटर मोकळं, उताराचं प्रमाण १ ला १२. तुमचा जोता ४५ सेंटिमीटर असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब पडेल, आणि वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. इतकी जागा समोर नसेल तर तो बाजूने वळवून काढतात. दोन मीटरची तिरकी फळी टाकून ‘रॅम्प झाला’ म्हणणारा समुपदेशक असेल तर दुसरा बोलवा. तसल्या उतारावरून खुर्ची मागे उलटते. वीस किंवा जास्त कामगार असतील तर समान संधी धोरण लेखी करणं आणि एक संपर्क अधिकारी नेमणं कायद्याने तुमच्यावर आहे. धोरणाचा मसुदा समुपदेशक करून देऊ शकतो.

मुलीच्या बाबतीत तिने तुम्हाला आजाराचं नाव सांगावं अशी अट घालू नका, आणि समुपदेशकाने तिच्या संमतीशिवाय ते सांगितलं तर तो चूक करतो आहे. काय सांगायचं, कुणाला, कधी, हे तिने त्याच्यासोबत बसून आधी ठरवायचं असतं. ‘आधी कामाला लाव, मग कामावरच शिकव’ ही पद्धत आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) या नावाने अमेरिकेत १९९० च्या दशकात बेकर आणि ड्रेक यांनी मांडली. तिच्यात महिनोन्‌महिने पूर्वतयारीत न घालवता खऱ्या नोकरीवर पाठवतात आणि समुपदेशक सोबत राहतो. तुम्ही त्याला दोनच गोष्टी विचारा : औषधामुळे सकाळी झोप येत असेल तर कामाची पाळी नऊऐवजी दहाला सुरू करता येईल का, आणि तिची तब्येत बिघडल्यासारखी वाटली तर मी कुणाला फोन करू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःचा नंबर देऊन, तिच्यासमोर, तिच्या होकाराने द्यायला हवं.